त्या घरचं पाणी

"परदेशी पाहुण्याचं पोट कच्चं नसतं," सान प्विं नव्या स्वयंपाक्यांना सांगायचा. "आपल्याकडच्या जंतूंशी त्याची ओळख नसते, एवढंच. तुम्ही त्यांच्या मुलखात जाऊन बघा. चार दिवसांत तुमचीही हीच गत होईल. तेव्हा हसू नका, हात धुवा."

ब्रह्मदेशातल्या कलॉच्या डोंगरांतून इनले सरोवरापर्यंत तीन दिवसांची पायवाट आहे. परदेशी माणसं ती हौसेनं चालतात. वाटाड्या त्यांना घेऊन रमतगमत येतो आणि स्वयंपाक्या पाठीवर वेताची करंडी टाकून आडवाटेनं पुढं जातो, मुक्कामाच्या घरी चूल पेटवतो. सान प्विं हे काम अकरा वर्षं करत होता. दॉ न्यो नावाच्या बाईंची छोटीशी सहल कंपनी होती, तिचा तो सगळ्यात जुना स्वयंपाक्या. पाहुणे पैसे भरायला आले की दॉ न्यो आधी एक वाक्य टाकायच्या: "आमच्या सानच्या हातचं खाऊन अकरा वर्षांत एकाचंही पोट बिघडलेलं नाही." सान मागं उभा असला तर मान खाली घालायचा, पण ऐकायचा.

त्याचे नियम सगळ्या कलॉला पाठ होते. पाणी खळखळा उकळू लागलं की तो चिरूट शिलगावायचा, आणि ती अर्धी होईपर्यंत चुलीतलं लाकूड कुणाला मागं ओढू द्यायचा नाही. बर्फाचं नाव काढायचं नाही. फळ द्यायचं ते सालीसकट, पाहुण्यानं स्वतः सोलून खावं असं. भाजी वाफाळती, कच्चा पाला पाहुण्याच्या ताटात येता कामा नये. आमच्याकडे कोशिंबीर हातानं कालवल्याशिवाय कुणाला गोड लागत नाही, पण पाहुण्यांची कोशिंबीर सान उकळत्या पाण्यातून काढलेल्या लाकडी पळीनं कालवी. जेवणाआधी व्हरांड्यात घंगाळ, तांब्या आणि साबण. प्रत्येकानं हात धुऊन त्याला दाखवायचे, शाळेतल्यासारखे. पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, पण दाखवायचे.

आणि एक नियम स्वयंपाक्यांसाठी होता. ज्याचं पोट वाहतंय त्यानं चुलीकडं फिरकायचं नाही, पोट थांबल्यावरही पुढचे दोन दिवस नाही. हा नियम त्यानंच दॉ न्योंकडून लिहून घेऊन कंपनीच्या कचेरीत भिंतीला लावला होता. दोन वर्षांपूर्वी को ट्वे नावाच्या स्वयंपाक्याला त्यानं पहिल्याच चढावरून परत पाठवलं होतं, पाहुण्यांदेखत. "जा, आधी स्वतःचं पोट बांध," म्हणाला होता, "मग लोकांचं भर." को ट्वे करंडी उतरवून, तोंड लपवत खाली गेला होता.

पहिल्या मुक्कामाचं घर नांग ओनचं. पा-ओ जमातीची बाई, पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अंगात काळा अंगरखा, डोक्याला नारिंगी फडकं. आल्याची आणि बटाट्याची थोडी शेती, आणि वर पाहुण्यांच्या मुक्कामाचे पैसे. सान तिला अमा म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि ती त्याला मौं सान, धाकट्याला म्हणतात तसं; बरोबरीचे को सान म्हणत. तिच्या घरातली लाकडी जमीन पायानं घासून घासून इतकी चकचकीत झाली होती, की वाटाड्या दिलमान म्हणायचा, "इथं भात सांडला तर मी ताट घेणार नाही." दिलमानचा पणजा गुरखा शिपाई म्हणून आला तो कलॉतच राहिला, दिलमानला पाच भाषा येत आणि पाचांतही तो सारखाच वात्रट होता.

त्या जानेवारीतली गोष्ट. मा प्यूच्या, म्हणजे सानच्या बायकोच्या चुलतभावानं नवं घर बांधलं आणि भिक्षूंना बोलावून दानाचं जेवण घातलं. सकाळचं डुकराचं कालवण संध्याकाळी उरलं होतं, ते घरच्यांनी संपवलं. पाहुण्याला गार कालवण सानने कधी दिलं नसतं. स्वतः दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या सकाळी निघायचं होतं, आणि पहाटेपासून त्याचे परसात हेलपाटे सुरू झाले.

"चार वेळा गेलात," मा प्यू म्हणाली. "मोजलंय मी."

"मोजायला दाराशी बसली होतीस काय?"

"घर केवढं, त्यात कान झाकून कुठं बसू? आज जाऊ नका. को ट्वेला निरोप धाडा."

"ट्वेला?"

"मग काय झालं? तोही रांधतोच की."

सानने करंडी भरायला घेतली. को ट्वे येऊन दॉ न्योंच्या दाराशी उभा राहील, भिंतीवरच्या कागदाकडं बघेल आणि एक शब्द न बोलता हसेल, हे सानला डोळ्यांसमोर दिसलं. त्यानं पोट थांबवणाऱ्या दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. करंडी उचलेपर्यंत पोट शांत झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. थांबलं म्हणजे गेलं नव्हे, हे त्यानं शंभर जणांना शिकवलं होतं.

पाहुणे सहा होते. त्यांत बिर्गित नावाची डेन्मार्कची अडुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका होती, काठी टेकत पण सगळ्यांच्या पुढं चालणारी. दुपारी वाटेवरच्या झापात सानने गरम नूडल्सचं सूप दिलं. तोवर ठीक चाललं. चारच्या सुमाराला नांग ओनच्या घरी पोचला, चूल पेटवली, आणि पोटात पुन्हा कळ आली.

नांग ओनच्या घरचा संडास मागं, आल्याच्या वाफ्यांच्या पलीकडं. एकदा गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की साबण पुढच्या व्हरांड्यात, घंगाळाशी. तिथं बसलेत पाहुणे आणि दिलमान. दिलमान विचारणार, "काय को सान, आज परसाकडं सासुरवाडी काढली काय?" सगळे हसणार, आणि मग कुणीतरी हसणं थांबवून भिंतीवरच्या नियमाची आठवण काढणार. त्यानं डबड्यातलं पाणी हातांवर ओतलं, लुंगीला हात पुसले आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला.

पाहुणे भुकेले होते. भात झाला होता, भोपळ्याची भाजी चुलीवर होती. अव्होकाडोची कोशिंबीर राहिली होती. पळी उकळायला टाकायची तर दुसरं भांडं चढवायला हवं होतं, आणि पोटातली कळ त्याला घाई करत होती. त्यानं अव्होकाडो, कांदा, टोमॅटो, दाण्याचं कूट एका मोठ्या वाडग्यात घेतलं आणि पाची बोटांनी कालवलं.

नांग ओन चुलीशी लाकूड सारत होती. "आज हातानं?" ती म्हणाली. "बरं झालं. हातानंच चव येते."

"हं," सान म्हणाला.

व्हरांड्यात सहाही पाहुणे हात धुऊन, पुढं करून बसले होते. बिर्गितने दोन्ही बाजू दाखवल्या, तळवे आणि नखंसुद्धा. सानने मान डोलावली आणि वाडगा मध्ये ठेवला. तिनं दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाव सोडून तासभर चालले नसतील, बिर्गित वाटेवरच्या दगडावर बसली. चेहरा राखेसारखा. दिलमानने आधी थट्टा केली, मग तिचा हात धरला आणि थट्टा थांबवली. परत फिरणं जवळचं होतं. नांग ओनच्या घरी पोचेपर्यंत आणखी दोघं वाकली होती आणि दुपारपर्यंत चौघांना जुलाब-उलट्या लागल्या.

पुढं गेलेला सान निरोप मिळाल्यावर धावत आला, तेव्हा नांग ओनने घर ताब्यात घेतलं होतं. अंथरुणं घातली होती. पेजेत मीठ घालून ती एकेकाला चमच्याचमच्यानं पाजत होती. सानने करंडीतून जलसंजीवनीच्या पुड्या काढल्या, उकळून निवलेल्या पाण्यात कालवल्या. बिर्गितचे कपडे खराब झाले होते. म्हातारी तोंड भिंतीकडं करून रडत होती, दुखण्यापेक्षा लाजेनं. नांग ओन तिच्याशी पा-ओ भाषेत बोलत होती, लहान बाळाशी बोलावं तशी. एक अक्षर कळत नसताना बिर्गित हं हं करत होती. मग नांग ओनने ते कपडे घमेल्यात घेतले आणि मागं धुवायला गेली.

त्याच वेळी दिलमान फोन कानाला लावून व्हरांड्यात आला. पलीकडून दॉ न्योंचा आवाज फुटत होता.

"को सान, बाई विचारतायत, यांनी खाल्लं काय?"

"तेच. रोजचंच."

"रोजच्यानं चार माणसं आडवी होत नाहीत. पाणी?"

"पाणी मी उकळलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग?"

मागून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. सानची नजर व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या मातीच्या माठाकडं गेली. गावातली येणारी-जाणारी माणसं त्यातलं पाणी पीत. पाहुण्यांना त्यानं त्यातला थेंब दिला नव्हता. दिलमानची नजर त्याच्या नजरेमागून गेली.

"ताटं-वाट्या तिच्याच असतात," सान म्हणाला. "धुवायला त्या घरचं पाणी. त्याला मी काय करणार?"

एवढंच तो बोलला. दिलमानने फोनमध्ये सांगितलं, "बाई, त्या घरचं पाणी." पलीकडून आवाज आला, "मला वाटलंच होतं."

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरून चौघांना खाली रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीनं हॉस्पिटलात. तिघं दोन दिवसांत उभी राहिली. बिर्गितला चार दिवस सलाईन लागलं. ती बरी होऊन घरी गेली, पण सान रोज हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. आत जायची त्याची छाती झाली नाही.

कंपनीत दुसऱ्या दिवसापासून पहिला मुक्काम शेजारच्या गावात हलला. वाटाडे एकमेकांत बोलतात. महिन्याभरात बाकीच्या कंपन्याही नांग ओनच्या दारावरून पुढं जाऊ लागल्या. दॉ न्यो नव्या पाहुण्यांना सांगायच्या, "एकदाच झालं, आणि तेही मुक्कामाच्या घरामुळं. आमच्या सानचे हात स्वच्छ आहेत." आता मान खाली घालताना सानला ऐकावंसं वाटत नसे. को ट्वे समोरून आला की तो रस्ता ओलांडायचा. को ट्वेला काहीच माहीत नव्हतं, तो बिचारा जेवलास का विचारायचा.

मा प्यूला मात्र माहीत होतं. तिनं पहिल्या आठवड्यात एकदाच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बरे होतात का हो?"

"बरा होतो."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर जेवण वाढताना ती त्याच्या तोंडाकडं बघेनाशी झाली.

एप्रिलमध्ये नव्या वर्षाचा पाण्याचा सण झाला. दिलमान घरी आला, नखशिखान्त भिजलेला, आणि ओट्यावर बसून म्हणाला, "नांग ओनचं ऐकलंस का? गावच्या मठात दानाचा स्वयंपाक होता. गेली बिचारी नेहमीसारखी, सुरी घेऊन भोपळा चिरायला बसली. तर सरपंचाची बायको आली, 'तुम्ही दमला असाल' म्हणाली, आणि हळूच तिच्या हातातनं सुरी काढून घेतली. बाकीच्या खाली बघून चिरत राहिल्या. ही उठली, अंगरखा झटकला, घरी गेली. चाळीस वर्षं त्या मठात चिरत होती म्हणे."

"कोण म्हणालं तुला?"

"सगळं गाव सांगतंय. असतं बाबा. बाईचं नाव एकदा गेलं की गेलं." दिलमानने डोक्यावरचं पाणी झटकलं. "तू का असा पांढरा पडलास?"

"काही नाही. ऊन लागलं."

"ऊन? मी भिजून आलोय आणि तुला ऊन लागलं!"

शरमेचं असं असतं, की ती सुरुवातीला काट्यासारखी टोचते, तेव्हा उपटली तर निघते. सानने उपटली नाही. तो मनाशी हिशेब मांडायचा: चारही पाहुणे बरे झाले, कुणी मेलं नाही, नांग ओनला शेती आहे, पुढच्या हंगामापर्यंत लोक विसरतील. मग ती सुरी आठवायची, आणि हातातला घास तसाच राहायचा.

पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत. जुलैत एके दिवशी त्यानं अर्धा डोंगर चिखलातून तुडवला आणि नांग ओनच्या दारात जाऊन उभा राहिला. सांगायचंच असं ठरवून गेला होता.

"ये, मौं सान," ती म्हणाली. जणू कालच गेला होता. "बस. पाणी देते."

तिनं माठाकडं हातही नेला नाही. चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी उकळू लागलं, तरी लाकूड ओढलं नाही. बराच वेळ उकळू दिलं. मग पेला उकळत्या पाण्यातून काढला, पुन्हा विसळला, आणि निववून त्याच्यापुढं ठेवला.

"असंच ना?" तिनं विचारलं. "तू अकरा वर्षं करताना बघितलं, पण कधी नीट विचारलं नाही. माझं चुकलं कुठं, ते सांग. ताटं कशी धुवायला हवी होती?"

सानने पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. शब्द तिथंच होते, जिभेच्या टोकाला. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. तो म्हणाला, ताटं धुतल्यावर एकदा उकळतं पाणी ओतायचं. फडक्यानं पुसायची नाहीत, उन्हात पालथी घालायची. पाणी साठवायचं भांडं झाकणाचं, आत हात न घालता काढता येईल असं. सांगत गेला. अर्धा तास सांगत होता. तिनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. बोलता बोलता त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, नव्या स्वयंपाक्यांना शिकवतानाचा, तोच समजूतदार आवाज, आणि अंगावर किडे फिरावेत तसं त्याला होत होतं. तरी तो थांबला नाही.

तो गप्प झाल्यावर नांग ओनने विचारलं, "अजून काही सांगायचंय, मौं सान?"

"नाही, अमा."

"बरं," ती म्हणाली आणि पातेलं उतरवलं.

उतारावरून घरी येताना तो दोनदा पडला. घरी मा प्यूने चिखल बघितला आणि विचारलं, "सांगितलंत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे तर. इतके दिवस होतं. तिनं त्याच्यापुढं धुवायला पाण्याची बादली ठेवली आणि आत गेली.

तीन महिने असेच गेले. ऑक्टोबरात पाऊस उघडला, दॉ न्योंनी हंगामाआधीची बैठक बोलावली. वाटाडे, स्वयंपाकी, नवे तिघं. त्या म्हणाल्या, "परवा सान तुम्हाला पाहुण्यांचं पोट कसं सांभाळायचं ते सांगेल. आणि सान, त्या पा-ओ बाईच्या घराचा किस्साही सांग. उदाहरण दिलं की डोक्यात राहतं."

सान बैठकीतून उठला तो घरी गेलाच नाही. तसाच डोंगर चढला.

नांग ओन शेतात आलं खणत होती. त्याला बघून तिनं कुदळ टेकली. या खेपेला तो बसला नाही.

"अमा, त्या दिवशी माझं पोट वाहत होतं," तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही. साबणानं हात धुतले नाहीत, आणि त्याच हातांनी कोशिंबीर कालवली. तुझ्या पाण्यात काही नव्हतं. ताटांतही नव्हतं. मी केलं, आणि तुझ्या डोक्यावर खापर फोडलं."

नांग ओनने आल्याच्या कांडीवरची माती अंगठ्यानं काढली.

"तीन वेळा गेला होतास मागं," ती म्हणाली. "मी चुलीशी होते, मला आंधळी समजलास? वाटलं, थंडी बाधली असेल. वाटलं, बोलले तर पोराची नोकरी जाईल. म्हणून गप्प राहिले."

सान एक पाऊल पुढं आला. "तुला माहीत होतं?"

"पाहुणी आजारी पडली तेव्हा कळलं. कपडे धूत होते, तेव्हा तुझं बोलणंही ऐकलं. भिंत कसली त्या घराला, वेळूची."

"मग तू का नाही बोललीस? तुझी सुरी काढून घेतली तेव्हा तरी…"

"कोण ऐकणार होतं? अकरा वर्षांचा स्वच्छ सान, आणि मी. जिच्याकडं बोट दाखवलंय तिनं दुसऱ्याकडं दाखवलं की लोक म्हणतात, बघा, आता दुसऱ्यावर ढकलतेय." तिनं कांडी टोपलीत टाकली. "जुलैत आलास तेव्हा म्हटलं, आता सांगेल. विचारलं मी तुला. दोनदा विचारलं. तू मला ताटं धुवायला शिकवलंस."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते सानला त्या आल्याच्या शेतात कळलं. त्यानं तिच्यापुढं जमिनीवर गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं. ती मागं सरकली.

"मला वाकून काय उपयोग? माझ्या हातातनं सुरी तू काढली नाहीस, ती मठात काढली. तिथं जाऊन सांग. पौर्णिमेला स्वयंपाक आहे. बायका असतील सगळ्या." आणि मग, कुदळ उचलत, "आणि तुझ्या त्या बाईला सांग."

दॉ न्योंना त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. बराच वेळ भिंतीवरच्या नियमाकडं बघत राहिल्या.

"कुणाकुणाला बोललास?"

"नांग ओनला. मा प्यूला ठाऊक आहे."

"मग तिथंच राहू दे. हंगाम तोंडावर आलाय, सान. पाण्याचं झालं म्हणून सगळ्यांनी मान्य केलंय, कुणाची तक्रार नाही. त्या बाईला मी काहीतरी पाठवीन. तू चूक कबूल केलीस, माझ्यापाशी मिटलं."

सानला कबूल करायला शरम वाटते, की त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं झालं. दार लावलेलं होतं. बाहेर कुणाला कळणार नव्हतं. तो हो म्हणणारच होता. मग त्याला आठवलं की 'नाही, अमा' म्हणतानाही असंच हलकं वाटलं होतं, आणि उतारावर पाय घसरेपर्यंतच ते टिकलं होतं.

"मुक्काम परत तिच्या घरी न्या," तो म्हणाला. "कारण विचारलं तर खरं सांगा. आणि उद्या नव्या पोरांपुढं किस्सा सांगायचाय ना, तो मी सांगेन. त्या घराच्या जागी माझं नाव घालून."

"मग तुला मी चुलीवर ठेवू शकणार नाही. कळतंय ना?"

"नियम माझाच आहे, बाई."

त्यानं सांगितलं. दिलमान, को ट्वे, नवे तिघं, सगळ्यांपुढं. आयुष्यात पहिल्यांदाच दिलमानला थट्टा सुचली नाही. को ट्वे खाली बघत राहिला आणि नंतर बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "मला तरी पाहुण्यांदेखत हाकललंस. तुला कुणी हाकललंच नाही." त्यात डिवचणं होतं की कणव, सानला ठरवता आलं नाही.

पौर्णिमेला तो मठात गेला. स्वयंपाकाच्या पडवीत पंधरावीस बायका होत्या. भोपळे, कोबी, मिरच्यांचे ढीग. नांग ओन खांबापाशी बसली होती, रिकाम्या हातांनी. सान उंबऱ्यातच उभा राहिला आणि त्यानं पाठ केलेलं विसरला. तुटक तुटक बोलला. पोट, साबण, कोशिंबीर, खोटं. आवाज मध्येच चिरकला. कुठं बघावं ते कुणाला कळेना. सरपंचाची बायको सुरीचं पातं पुसत राहिली, पुसून झालं तरी.

शेवटी कोपऱ्यातली एक बोळक्या तोंडाची म्हातारी म्हणाली, "मग आता इथं चुलीपाशी कशाला आलायस? धुतलेस का हात?"

बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या, तोंडाला डोक्यावरच्या फडक्याचं टोक लावून. सानचे कान जळत होते. त्या हसण्यात त्याला माफी शोधता आली नाही आणि रागही नाही. गाव त्याला हसत होतं, इतकंच. हसू ओसरल्यावर सरपंचाच्या बायकोने स्वतःपुढची सुरी उचलली आणि नांग ओनपुढं ठेवली. दांडा तिच्याकडं करून. नांग ओनने ती लगेच घेतली नाही. त्या बाईची मान खाली जाईपर्यंत तिनं वाट बघितली. मग घेतली, आणि भोपळा ओढला.

पहिला मुक्काम त्या हंगामापासून पुन्हा तिच्याकडं आला. स्वयंपाकाला को ट्वे येऊ लागला. सान कलॉच्या बसथांब्याजवळच्या चहाच्या दुकानात लागला. कप धुतो, भजी तळतो. पाहुण्यांची तुकडी निघायच्या आधी तिथं चहाला थांबते. एखादी बाई बर्फ घातलेला उसाचा रस मागवायला लागली तर तो पुढं होऊन तिला थांबवतो, गरम चहा घ्या म्हणतो. ती त्याचे आभार मानते, आणि तो कपांकडं वळतो. कधी दिलमान कुणाला सांगू लागला, की ह्या माणसाला पोटाचं सगळं कळतं, तर सान म्हणतो, "तसं काही नाही," आणि खरंच तसं म्हणायचं असतं.

दर हंगामाआधी दॉ न्यो त्याला बोलावतात. नव्या स्वयंपाक्यांपुढं तो सगळं सांगतो, नाव न लपवता. दरवर्षी त्याला वाटतं, यंदा सोपं जाईल. जात नाही. साबणाच्या जागी आला की आवाज बसतो.

नांग ओन त्याला दर पाचव्या दिवशी बाजारात भेटते. आलं मोजून देते, वजनात कमी-जास्त करत नाही, पाऊसपाण्याचं विचारते. मा प्यू कशी आहे विचारते. घरी ये असं मात्र ती म्हणत नाही, आणि तो जात नाही. मागच्या बाजाराला तिची दोन पोती ट्रॉलीपर्यंत न्यायची होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"मौं सान, उचल," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही पोती एकदम खांद्यावर घेतली. ती पुढं चालली, रस्ता मोकळा करत, मागं न बघता. ट्रॉलीत पोती टाकून तो घाम पुसत उभा राहिला.

"जा आता," ती म्हणाली. "तुझं दुकान उघडं असेल."